भाषांतरे अनेक, वचन एकच

शास्त्रभाग : यिर्मया अध्याय ३६, यशया ४०:६–८, नहेम्या ८:१–८, प्रेषितांची कृत्ये १७:१०–१२
मुखपाठ : यशया ४०:८



गेल्या पावसाळ्यात नांदगाव पेठ येथील आमच्या मंडळीतील एक वृद्ध भगिनी अंथरुणास खिळली होती. तिला अक्षरओळख नव्हती. लहानपणी एका बायबलबाईने अंगणात बसवून तिच्याकडून तेविसावे स्तोत्र पाठ करून घेतले होते, आणि तेवढीच शिदोरी तिला जन्मभर पुरली. नापिकीच्या वर्षी, नवऱ्याच्या मरणात, लेकीच्या बाळंतपणात तिने तेच म्हटले. मी भेटीस गेलो तेव्हा तिने तेच वाचावयास सांगितले. माझ्याजवळ अलीकडच्या सोप्या भाषेतील भाषांतर होते. त्यातून मी वाचू लागलो. दोन वचने झाली नाहीत तोच तिने हात वर केला व म्हटले, “पाळकसाहेब, हे माहं स्तोत्र नोहे.”

मी म्हटले, “माय, तेच आहे. शब्द तेवढे निराळे आहेत.”

तिने माझ्याकडे पाहिले व विचारले, “मंग माहं खोटं होय काय?”

ह्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी तत्काळ नव्हते, हे मी कबूल करतो. मी पुस्तक मिटले व म्हटले, “तुझे तू म्हण, माय, मी ऐकतो.” तिने जुन्या शब्दांत आरंभ केला. मरणाच्या खोऱ्याविषयीचे वचन आले तेथे तिची आठवण अडखळली. तेव्हा मी पुस्तक उघडून पुढचे शब्द नव्या भाषांतरातून वाचले. ते तिने धरले, आणि तेथून शेवटपर्यंत आम्ही दोघांनी मिळून म्हटले, तिने आपल्या शब्दांत व मी माझ्या. दोन दिवसांनी ती प्रभूमध्ये निजली.

दफनविधीनंतर एका तरुणाने मला गाठले. तो येथील औद्योगिक वसाहतीत कामास जातो. तो म्हणाला, “पाळकसाहेब, कारखान्यात मला सोबती चिडवतात की तुमचे पुस्तक दर पिढीस बदलते. आजीचे निराळे, तुमचे निराळे, माझ्या मोबाइलवरचे निराळे. मग खरे कोणते?” त्या तरुणाचा प्रश्न आणि त्या मरणोन्मुख भगिनीचा प्रश्न एकच आहे. आज एकाच बाकावर बसलेल्या तिघांच्या हाती तीन भाषांतरे असतात. म्हणून हा प्रश्न पुष्कळांच्या मनात असला पाहिजे. त्याचा विचार आपण शास्त्राच्याच प्रकाशात करू.

१. पुस्तक जळते, वचन जळत नाही

यिर्मयाच्या छत्तिसाव्या अध्यायात एक राजा हिवाळ्याच्या दिवसांत शेगडीपुढे बसला आहे. यिर्मयाच्या तोंडून निघालेली देवाची वचने बारुखाने एका गुंडाळीवर लिहून घेतली होती. ती राजा यहोयाकीम ह्याच्यासमोर वाचण्यात येऊ लागली. तीनचार रकाने वाचून झाले की राजा लेखकाच्या चाकूने तेवढा भाग कापी व विस्तवात टाकी. तिघा सरदारांनी विनविले, तरी त्याने ऐकले नाही. अशा रीतीने सर्व गुंडाळी जळून राख झाली.

आता पाहा, देवाने काय केले. त्याने यिर्मयाला दुसरी गुंडाळी घेण्यास सांगितले. पहिलीतील सर्व वचने तिच्यावर पुन्हा लिहिली गेली, व त्याच प्रकारच्या आणखी पुष्कळ वचनांची तिच्यात भर पडली. राजाने जाळले ते कातडे किंवा कागद होता. वचन त्याच्या हाती लागलेच नाही. कारण वचनाचे मूळ शाईत नाही, बोलणाऱ्या देवामध्ये आहे.

अशीच एक गोष्ट आपल्या देशात घडली. बंगालातील श्रीरामपूर येथे विल्यम केरी व त्याचे सोबती अनेक देशी भाषांत शास्त्र छापीत असत. मराठीतील मत्तयाचे शुभवर्तमान तेथेच १८०५ साली छापून निघाले व १८११ साली मराठी नवा करार निघाला. पुढच्याच वर्षी, ११ मार्च १८१२ रोजी, त्या छापखान्यास आग लागली. पुष्कळ वर्षांच्या श्रमाची हस्तलिखिते, कागदाचा साठा व अनेक भाषांचे खिळे एका रात्रीत नाहीसे झाले. परंतु छापण्याची यंत्रे व खिळे पाडण्याचे साचे वाचले होते. त्या बांधवांनी राखेतून धातू गोळा करून नवे खिळे पाडले, आणि काही महिन्यांतच छपाई पुन्हा चालू झाली. यहोयाकीमाने बुद्धिपुरस्सर जाळले व येथे अपघाताने जळले. परंतु दोन्ही ठिकाणी शिकवण एकच की वचनाचा वाहक नाश पावला, तरी वचन पुन्हा उभे राहते.

२. नकलाकाराचा हात चुकतो, हेही खरे

कोणी म्हणेल, “जळण्याचे असो, परंतु हाताने नकला करिताना चुका झाल्या नसतील काय?” झाल्या. हे आपण लपवू नये. सत्याची बाजू घेणाऱ्याने खोटी ढाल धरू नये.

सन १९४७ च्या सुमारास मृत समुद्राच्या काठी कुमरान येथील एका गुहेत गुराख्यांना मातीच्या रांजणांत ठेवलेल्या जुन्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांत यशयाची संपूर्ण गुंडाळी होती. तिची लांबी सात मीटरांहून अधिक असून ती ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमाराची असे विद्वान ठरवितात. त्यापूर्वी यशयाच्या ज्या पूर्ण इब्री प्रती आपल्यापाशी होत्या, त्यांहून ही जवळजवळ एक हजार वर्षांनी जुनी निघाली. हजार वर्षांच्या नकलांत पुस्तक ओळखू येईनासे झाले असेल, असे ज्यांस वाटत होते त्यांनी ती ताडून पाहिली. शब्दांच्या लेखनात पुष्कळ फरक आढळले. काही ठिकाणी शब्दही निराळे आढळले, व थोड्या स्थळी अर्थावर परिणाम होईल असेही आढळले. परंतु पुस्तक तेच, सहासष्ट अध्याय तेच, संदेशही तोच निघाला.

त्या गुंडाळीत एक जागा अशी आहे की ती प्रत्येक उपदेशकाने ध्यानात ठेवावी. आपले मुखपाठाचे वचन जेथे आहे, तेथेच, म्हणजे चाळिसाव्या अध्यायात, मूळ लेखकाने काही शब्द गाळले आहेत. सातव्या व आठव्या वचनांत गवत सुकण्याविषयी व फूल कोमेजण्याविषयी तेच शब्द दोनदा येतात. त्यामुळे लेखकाची नजर पहिल्या जागेवरून दुसरीवर गेली असावी. पुढे दुसऱ्या कोणी ते शब्द ओळीच्या वर व समासात लिहून भर घातली. ती भर आजही तेथे दिसते.

बंधूंनो, विचार करा. देवाचे वचन सर्वकाळ टिकते असे जे वचन सांगते, तेच लिहिताना माणसाचा हात चुकला, आणि दुसऱ्या माणसाच्या हाताने ती चूक भरून निघाली. देवाने आपले वचन देवदूतांच्या स्वाधीन केले नाही. डुलकी येणाऱ्या, नजर चुकणाऱ्या माणसांच्या स्वाधीन केले, आणि तरी ते राखले. एकाची चूक दुसऱ्याच्या प्रतीवरून कळते. म्हणून प्रती अनेक असणे हे भयाचे कारण नव्हे. सत्य पडताळून पाहण्याचे साधन तेच आहे.

ह्याच कारणास्तव काही आवृत्त्यांत पानाच्या तळाशी टीप किंवा काही वचनांस कंस दिसतो. उदाहरणार्थ, मार्काच्या शेवटच्या अध्यायातील ९ ते २० ही वचने चौथ्या शतकातील दोन प्रमुख ग्रीक प्रतींत नाहीत. तेवढ्यावरून घाबरून जाऊ नका. प्रभू उठला ही साक्ष त्या बारा वचनांवरच उभी नाही. ती चारही शुभवर्तमानांत आहे, व करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौलाने ती आपल्यास सोपवून दिलेली म्हणून सांगितली आहे. टीप देणारा मनुष्य शास्त्राचा शत्रू नव्हे. तो त्या समासात लिहिणाऱ्या दुसऱ्या लेखकाचाच वंशज आहे.

३. वचन आपल्या भाषेत यावे, ही देवाचीच इच्छा

आपल्या शेजारी कित्येक लोक असे मानतात की पवित्र ग्रंथ एकाच पवित्र भाषेत राहिला पाहिजे. शास्त्राचा मार्ग निराळा आहे. नहेम्याच्या आठव्या अध्यायात बंदिवासातून आलेल्या लोकांपुढे एज्रा नियमशास्त्र वाचतो, व लेवी लोकांमध्ये फिरून त्याचा अर्थ समजावून देतात. वाचलेले समजावे, हा त्या सभेचा हेतू होता. पन्नासाव्या दिवशी यरुशलेमेत जमलेल्या प्रत्येकाने देवाची महत्कृत्ये आपापल्या बोलीत ऐकली.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. प्रभू येशू गालीलातील लोकांशी बहुतकरून अरामी भाषेत बोलत असे. परंतु शुभवर्तमाने ग्रीक भाषेत लिहिलेली आहेत. म्हणजे प्रभूची बहुतेक भाषणे पहिल्यापासूनच आपल्यास भाषांतररूपाने मिळाली आहेत. याईराच्या मुलीस उठविताना प्रभूने उच्चारलेले अरामी शब्द मार्काने पाचव्या अध्यायात तसेच ठेविले आहेत, आणि लगेच त्यांचा अर्थ दिला आहे. प्रेषितही जुन्या कराराची वचने देताना पुष्कळदा प्रचलित ग्रीक भाषांतरातूनच देतात. भाषांतरामुळे वचन अपवित्र झाले असते, तर प्रेषितांनी तसे केले नसते.

आपल्या वऱ्हाडास तर ही गोष्ट परकी वाटू नये. मोर्शी तालुक्यातील रिद्धपुराशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या महानुभाव पंथीयांनी सातशे वर्षांपूर्वी आपले ग्रंथ संस्कृतात न लिहिता मराठीत लिहिले, ते बायाबापड्यांस समजावे म्हणून. त्यांची शिकवण आपली नव्हे. तथापि सामान्य जनांची भाषा धर्माच्या गोष्टींस हीन नाही, हे त्यांनी ओळखले होते.

मराठी शास्त्राचा इतिहास पाहिला, तर एकावर एक हात कसे लागले हे दिसते. श्रीरामपुरात केरी ह्यांना वैद्यनाथ नावाचे पंडित साहाय्य करीत. तथापि ते पहिले भाषांतर महाराष्ट्रापासून दूर झालेले असल्यामुळे त्यात सुधारणेस पुष्कळ जागा होती. सन १८१३ मध्ये मुंबईस आलेल्या अमेरिकन मिशनच्या गॉर्डन हॉल प्रभृतींनी नव्याने काम हाती घेतले. त्यांचा मराठी नवा करार १८२६ साली निघाला. त्याच वर्षी मार्चमध्ये हॉल नाशिककडील दौऱ्यावर असता पटकीने मरण पावले. संपूर्ण शास्त्र मराठीत १८४७ साली झाले, आणि त्यानंतरही वेळोवेळी ते तपासले गेले.

पुढे पंडिता रमाबाई ह्यांनी केडगाव येथे मूळ इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण शास्त्राचे भाषांतर एकटीने केले. सुमारे अठरा वर्षे हे काम चालले. लहानपणापासून संस्कृतात वाढलेल्या त्या विदुषीने जड संस्कृत शब्द बुद्धिपूर्वक टाळले, कारण मुक्ती सदनातील व खेड्यांतील अशिक्षित बायांस ते समजावे अशी तिची इच्छा होती. त्या सदनातील मुलींनीच खिळे जुळविले व छपाई केली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी प्रभूकडे गेल्या. त्यांचे शास्त्र १९२४ साली छापून पूर्ण झाले. आधीचे भाषांतर खोटे होते म्हणून त्यांनी हे श्रम केले नाहीत. त्याच वचनाने त्यांस जीवन दिले होते. तेच जीवन चुलीपुढे बसलेल्या बाईपर्यंत जावे, म्हणून केले.

४. काय बदलते व काय बदलत नाही

आपल्या आजोबांच्या काळी ज्वारी पायलीने व मणाने मोजीत. सन १९५८ पासून देशात किलोग्रॅमची पद्धत लागू होऊ लागली. बाजारात काही दिवस गोंधळ झाला. म्हाताऱ्यांस नवे माप कळेना. परंतु माप बदलले म्हणून कणगीतील ज्वारीचा एक दाणा वाढला नाही व कमी झाला नाही. भाकर तीच झाली. तसेच, जुने खरेदीखत मोडीत आहे व नातवाला मोडी वाचता येत नाही, म्हणून शेत दुसऱ्याचे होत नाही.

त्याचप्रमाणे भाषा बदलते, लिपी बदलते, शब्द जुने होतात. परंतु देव पवित्र व दयाळू आहे. मनुष्य पापी आहे. ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला व पुन्हा उठला. जो त्याच्यावर विश्वास ठेवितो त्याला तो टाकीत नाही. आणि तो पुन्हा येणार आहे, ही सत्ये १८११ च्या पुस्तकात होती, रमाबाईंच्या पुस्तकात आहेत आणि त्या तरुणाच्या मोबाइलवरही आहेत.

तथापि दोन इशारे देणे अवश्य आहे. पहिला असा की खोटे मापही असू शकते, व त्याचा देवाला वीट आहे, असे नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायाच्या आरंभीच सांगितले आहे. एखादा पंथ आपल्या मताच्या सोयीसाठी शब्द फिरवून भाषांतर काढील, तर ते अनेक भाषांतरांशी ताडून पाहावे. एकटेच निराळे बोलत असेल तर सावध व्हावे.

दुसरा इशारा आपल्यासाठीच आहे. शास्त्र अढळ आहे. शास्त्राविषयीची माझी समजूत अढळ नाही. पुष्कळदा आपण आपल्या रूढीस वचनाचे नाव देतो. आजही कोठे कोठे जुन्या जातीप्रमाणे निरनिराळ्या बाजूंस बसणे, मुलीचे लग्न “आपल्यातच” करणे, ह्यांस आधार म्हणून वचन दाखविण्यात येते. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राचा तिसरा अध्याय ज्याने वाचला आहे, त्याने हे कसे म्हणावे? अढळ वचनाने आपल्यास बदलावे. आपण बदलू नये म्हणून अढळ वचनाची ओट घेणे हा यहोयाकीमाचाच चाकू होय. त्याने नको ते रकाने कापून जाळले; आपण ते न वाचता पान उलटतो.

बिरुया येथील लोकांची थोरवी ह्यातच होती की खुद्द पौलाचे भाषण ऐकूनही ते रोज शास्त्र उघडून त्या गोष्टी तशाच आहेत की काय, हे पाहत असत. आपल्या महाराष्ट्रातील बाबा पदमनजी ह्यांनीही बरीच वर्षे वाचन व चौकशी केल्यावर १८५४ साली बेळगाव येथे बाप्तिस्मा घेतला. जो विश्वास तपासास भितो तो दुबळा असतो. जो तपासून स्थिर होतो तो वादळात टिकतो.

५. उपदेशक बंधूंस काही सूचना

(१) मंडळीत वाचनासाठी एकच भाषांतर ठरवावे, म्हणजे सर्वांच्या कानी तेच शब्द बसतील. समजावून सांगताना दुसरी भाषांतरे खुशाल जवळ ठेवावीत.

(२) वृद्धांना पाठ असलेली वचने दुरुस्त करीत बसू नये. आजारी मनुष्यापाशी जाताना त्याच्या आवडीचे वचन कोणत्या भाषांतरातील आहे ते आधी विचारावे. ही चूक मी केली. तुम्ही करू नका.

(३) तरुणांच्या प्रश्नास “असे विचारू नये” असे उत्तर देऊ नये. जे ठाऊक आहे ते सांगावे. जे ठाऊक नाही ते शोधून पुढच्या रविवारी सांगावे.

(४) मुलांकडून दर महिन्यास एक तरी शास्त्रभाग पाठ करून घ्यावा. पुस्तक व मोबाइल हातून जातील. अंतःकरणात ठेवलेले मरणाच्या उशाशीही सोबत राहते.

६. समाप्ती

त्या भगिनीला त्या दिवशी मी जे उत्तर देऊ शकलो नाही, ते आता देतो. नाही माय, तुझे खोटे नव्हते. माझेही खोटे नव्हते. ज्या मेंढपाळाविषयी तू जुन्या शब्दांत बोलत होतीस, त्याच्याविषयीच मी नव्या शब्दांत वाचीत होतो. आणि तो आपल्या दोघांच्याही शब्दांच्या अगोदर त्या खोऱ्यात उभा होता. तुझी आठवण थांबली तेथे माझे पुस्तक उपयोगी पडले. माझे पुस्तक कोरडे वाटले तेथे तुझा विश्वास उपयोगी पडला. देव आपले वचन असेच राखतो, एकाच्या उणिवेत दुसऱ्याचा हात घालून.

आणि त्या तरुणाला मी हे सांगितले : “तुझ्या सोबत्यांस म्हण, आमचे पुस्तक प्रत्येक पिढीची भाषा बोलते, परंतु प्रत्येक पिढीला तीच गोष्ट सांगते. विश्वास नसेल तर तिन्ही घेऊन ये, आपण शेजारी शेजारी ठेवून वाचू.” तो पुढच्या शनिवारी आला, व बरोबर एका सोबत्यालाही घेऊन आला. आम्ही कंदिलाऐवजी विजेच्या दिव्याखाली बसलो, एवढाच काय तो जुन्या दिवसांहून फरक. पुढे तेविसावे स्तोत्र होते.

विचारासाठी प्रश्न

१. यहोयाकीमाने गुंडाळी जाळली. तरी वचन का नाहीसे झाले नाही?
२. कुमरान येथील यशयाच्या गुंडाळीत चाळिसाव्या अध्यायाजवळ काय आढळते? त्यावरून आपण काय शिकतो?
३. प्रभूची भाषणे आपल्यास पहिल्यापासून भाषांतररूपाने मिळाली, असे का म्हटले आहे?
४. आपल्या मंडळीत कोणती रूढी वचनाच्या नावाखाली चालते? ती वचनाने तपासून पाहण्यास आपण तयार आहो काय?
५. तुम्हांला कोणता शास्त्रभाग पाठ आहे? तो तुम्हांस कोणी शिकविला, व तुम्ही तो कोणास शिकविला?

प्रार्थना

हे प्रभो, गवताप्रमाणे आम्ही सुकून जातो, पण तू बोललास ते राहते. आमच्या वाडवडिलांनी ज्या शब्दांत तुला ओळखले त्यांबद्दल, व आमची मुले ज्या शब्दांत तुला ओळखतील त्यांबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो. आम्हांला वाचण्याची आवड, तपासण्याचे धैर्य व पाळण्याची शक्ती दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.